अस्वलाच्या घरी एक जास्तीची खुर्ची

किसिमी, फ्लोरिडा
१४ जानेवारी २०१५

प्रिय मारान्हेली,

अस्वल सगळ्यांच्या टेबलांशी येतं, मग ते स्वतः कधी जेवतं? तुझ्या हादिएलच्या या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी दीड वर्ष इथल्या थीम पार्कच्या जेवणविभागात काम करते आहे, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. आज माझ्या वरिष्ठ डोरीनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग, पाहुणे गेल्यावर जेवतं." मला ते पटलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला थाप मारायचीच तर ती त्याच्या प्रश्नाएवढी तरी चांगली असावी. त्याला सांग, सुलमारी शोधते आहे.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र माझ्याकडे आहेत. तू रात्रपाळीला आणि मी दिवसपाळीला, फोनवर आपलं जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सोंगातल्या प्राण्यांसोबतचं जेवण तीन ठिकाणी मिळतं. रात्रीचं घेऊ नकोस, तोवर मुलं पेंगतात आणि सोंगाच्या मोठ्या डोक्याला घाबरतात. 'अस्वलाच्या घरी' सकाळचा नाश्ता घे, आणि तोही सर्वांत आधीचा. मूल पोटभर जेवलेलं असलं की ओटो अस्वल त्याला निम्मंच मोठं दिसतं. हादिएलला भिंतीच्या बाजूला बसव. ओटो आला की त्याला पुढे ढकलू नकोस. ओटो बोलत नाही, पण त्याला थांबता येतं. आपण घाई केली की मुलं रडतात.

शेवटचं आपण भेटलो ते पोर्तो रिकोत, पोन्सेला, तुझ्या आउरेलिसच्या बाप्तिस्म्याला. तीती नेरेइदा, आपली मावशी, धर्ममाता म्हणून तिला घेऊन उभी होती आणि ती पोर पाद्रीबाबांचा चष्मा ओढत होती. आता तीनची होत आली असेल. तिलाही ओटो आवडेल.

आईनं तुझी खुशाली विचारली आहे. ती अजून त्याच हॉटेलात खोल्या आवरते. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिनं फ्रिजवर लावलं आहे. फ्रिज उघडला की ते दर वेळी पडतं.

तुझी,
सुलमारी


लोरेन, ओहायो
२५ जानेवारी

नेना,

एवढं लांबलचक पत्र मला हादिएलच्या शाळेनंसुद्धा कधी पाठवलं नाही. कॉलेजात शब्द मोजून मार्क देतात का?

नाश्ता ठरव. शनिवार, ७ मार्च, सर्वांत आधीचा. दोन जणांचं टेबल. मी आणि हादिएल. उंच खुर्ची नको.

तुझ्या घरी यायला जमणार नाही, रविवारी रात्री परत कामावर हजर व्हायचं आहे. हॉस्पिटलच्या चादरी माझी वाट पाहत असतात. तुझ्या आईकडे माझ्यासाठी आशीर्वाद माग आणि सांग की मी ठीक आहे.

हादिएल म्हणतो, अस्वल भिंतीमागे जेवतं. मी म्हटलं, असेल.

मारान्हेली


किसिमी
२ फेब्रुवारी

प्रिय मारान्हेली,

टेबल ठेवलं आहे. खिडकीशी, भिंतीला लागून.

आता थोडं रागावून लिहिते. मला तू परकी समजू नकोस. तीन वर्षांखालच्या मुलांना आमच्याकडे मोफत जेवण असतं. म्हणून या दारातून वर्षाकाठी तीन वर्षांखालची जितकी मुलं आत येतात, तितकी सगळ्या फ्लोरिडात जन्मत नसतील. परवा एकाला चक्क मिसरूड फुटली होती. दाराशी आम्ही कुणाला वय विचारत नाही. विचारणं हीच लाज आहे असं मला वाटतं. म्हणून कुणी 'दोघंच' म्हटलं की मी हसून 'दोघंच' लिहिते आणि मनात तिसरी खुर्ची मांडून ठेवते.

एक सांगते, पण कुणाला सांगू नकोस. इथे मी एक नवी गोष्ट सुरू करते आहे. पूर्वी टेबलाच्या चिठ्ठीवर फक्त नाव आणि वाढदिवस असायचा. मी म्हटलं, मुलं कुणाबरोबर आली आहेत, कशाला घाबरतात, भावंडं कोण, हेही लिहावं. ओटोबरोबर एक सोबतीण चालते, कारण सोंगातून त्याला पायाखालचं दिसत नाही. तिनं ती चिठ्ठी वाचून त्याला आधी सांगायचं. म्हणजे मुलाला वाटतं, या अस्वलाला मी माहीत आहे. डोरीनबाईंना हे आवडलं. एप्रिलमध्ये सगळ्या विभागांपुढे मी ते मांडणार आहे. आपल्या घरात आजवर कुणी उभं राहून बोललं नाही, फक्त उभं राहिलं. आता मी बोलणार.

सातव्या तारखेची वाट पाहते आहे.

सुलमारी


लोरेन
११ फेब्रुवारी

नेना,

तुझं अभिनंदन. तू बोल, बोलण्यात तू पहिल्यापासून पुढे होतीस. बाप्तिस्म्यात पाद्रीबाबांनाही तू दोनदा टोकलं होतंस.

मी दोघंच लिहिलं ते दोघंच म्हणून. हादिएलचं नाव लिही आणि वाढदिवस लिही. बाकी काही लिहू नकोस. आम्ही खाऊ, त्याला अस्वलाबरोबर एक फोटो काढू दे, आणि आम्ही निघू.

त्यानं नवा सदरा मागितला आहे, अस्वलाला आवडेल असा. अस्वलाला कुठला रंग आवडतो, हे तुझ्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं का?

मारान्हेली


किसिमी
८ मार्च

मारान्हेली,

तू फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र तरी वाच.

काल मी दाराशी उभी होते. माझी पाळी नव्हती, मुद्दाम आले होते. तुम्हाला आधी भेटले नाही, कारण मला ओटोच्या आड लपायचं होतं. हादिएलनं पिवळा सदरा घातला होता. तू केस कापलेस, मला माहीत नव्हतं. टेबलाशी तीन खुर्च्या होत्या आणि तिसरीवर मी उशी ठेवायला लावली होती. तू ती उशी उचलून खाली ठेवलीस, हे मी पाहिलं. मला वाटलं, आउरेलिस बाहेर बाबागाडीत झोपली असेल, तू तिला नंतर आणशील. इतकं मला सहज वाटलं.

चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: 'दोन भावंडं. हादिएल सहा, आउरेलिस तीन. मुलांसाठी दोन कागदी मुकुट. धाकटी दिसली नाही तर शोधायचा खेळ करावा.' शेवटचं वाक्य मी आदल्या संध्याकाळी घातलं. ती लाजून तुझ्यामागे लपली तर, म्हणून.

तुझ्याकडे बोट दाखवत नाही. पण मला कुणी सांगितलं असतं तर मी असं केलं नसतं. मी कुणाचं वाईट चिंतून काही करत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला वाटलं तू संकोचली आहेस, एका लहान ताटासाठी. नोकरांना मिळणाऱ्या सवलतीतून मी ते ताट घातलं होतं.

मग ओटोनं तो खेळ केला. टेबलाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, ज्यूसच्या भांड्यात डोकावला. शेजारच्या टेबलावरची मुलं उठली आणि तीही शोधायला लागली. पलीकडच्या टेबलावरचीही उठली. सगळं दालन खाली वाकून एका मुलीला शोधत होतं, आणि मी दाराशी टाळ्या वाजवत होते. मला वाटत होतं, इतकं छान आजवर झालं नव्हतं.

हादिएल काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण वाढणारी कॅरोल जवळ होती, तिनं ऐकलं. तो ओटोला म्हणाला, "शोधू नका. ती हरवली नाही. आईनं तिला देऊन टाकली."

मग तुम्ही दोघं माझ्या बाजूनं गेलात. मी हाक मारली. तू मला पाहिलं नाहीस की पाहिलंस?

सुलमारी


लोरेन
२ एप्रिल

सुलमारी,

पाहिलं.

त्या दिवसानंतरची तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात तू 'मला' हा शब्द किती वेळा लिहिलास ते बघ. बाकीची दोन मी फोडली नाहीत.

आता ऐक, म्हणजे पुन्हा अंदाज बांधू नकोस. नवरा गेला तेव्हा आउरेलिस वर्षाची होती. मी रात्री चादरी धूत होते आणि दिवसा झोपत नव्हते. एकदा ती दुधासाठी रडत होती आणि मी पलंगावर बसून तिच्याकडे नुसती बघत राहिले. उठले नाही. हादिएलनं, चार वर्षांच्या पोरानं, खुर्ची ओढून दुधाचा डबा काढला. दुसऱ्या दिवशी मी तीती नेरेइदाला फोन केला. ती म्हणाली, "पाठव, मी वाढवते, धर्माची आई म्हणजे आईच." आपल्याकडे मुलं अशी वाढतातच. माझी आजीही दुसऱ्याच्याच घरी वाढली. कुणी त्याला देऊन टाकणं म्हणत नाही. सहा महिन्यांचं ठरलं होतं. आता दोन वर्षं होतील.

दर रविवारी फोन असतो, व्हिडिओवर. नेरेइदा तिला शिकवते, आशीर्वाद माग. पोर तिच्याकडे बघून म्हणते, "आई, आशीर्वाद दे." मग फोनकडे बघून म्हणते, "तीती, आशीर्वाद दे." मावशी. मी म्हणते, देव तुझं भलं करो. दुसरं काय म्हणू?

हादिएलला मी कधी 'देऊन टाकली' म्हटलेलं नाही. ते त्याचे शब्द आहेत. तुझ्या अस्वलापुढे ते बाहेर पडले, कारण अस्वल शोधत होतं. घरात कुणी शोधत नाही.

तो विमानात म्हणाला, "मला वाटलं, अस्वल तिला आणणार आहे."

नवीन पत्र लिहू नकोस. निदान काही दिवस.

मा.


किसिमी
१६ एप्रिल

मारान्हेली,

लिहू नकोस म्हणालीस. एवढं एकच लिहिते. उत्तर नको.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं." मी म्हटलं, "मग मला का सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू सुधारायला निघाली असतीस." मग हातातली घडी ठेवून म्हणाली, "पोरी, तुला शिकवलं ते आम्हाला कमी पडत होतं म्हणून. आम्ही चुकत होतो म्हणून नाही."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात घोळतं आहे. मला वाटायचं की मला दिसतं आणि इतरांना दिसत नाही. तू 'दोघंच' असं दोनदा लिहिलंस, आणि मी दोन्ही वेळा तुझ्या शब्दाखाली माझं काहीतरी वाचलं. तुझ्या गरिबीची मला इतकी खात्री होती की तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज वाटली नाही. मी तुला खोटं बोलणारी समजले आणि त्याला प्रेम म्हटलं. याची मला लाज वाटते. त्या सकाळची वाटते, आणि त्याहून जास्त त्या तिसऱ्या खुर्चीची. ती मी हसत हसत मांडली होती.

डोरीनबाईंना मी गेल्या आठवड्यात सांगितलं, ती चिठ्ठीची गोष्ट मी सभेत मांडणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, एका टेबलावर बिघडली म्हणून सगळी टाकून द्यायची?" मी म्हटलं, "बाकीच्या टेबलांवर बिघडली का, ते आपल्याला कोण सांगणार? लोक पैसे देऊन उठून जातात." त्या म्हणाल्या, "मुलाच्या आईनं तक्रार केलेली नाही." मी म्हटलं, "म्हणूनच." मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी राजीनामा देते आहे. मी देत नव्हते. मी फक्त भावंडांची, भीतीची ओळ चिठ्ठीतून काढायला सांगत होते. त्यांनी ती काढली. सभा झाली, आणि माझ्या जागी पार्किंगवाले बोलले.

एफ्राइन, म्हणजे ओटोच्या सोंगात असतो तो, मला येऊन भेटला. त्याला आतून काही ऐकू येत नाही, पण हादिएलचं तोंड दिसलं होतं. तो दोन दिवस कामावर आला नव्हता. मी त्याला सांगितलं, चिठ्ठी माझी होती. तो म्हणाला, "चिठ्ठी तुझी होती, पण वाकलो मी होतो." त्याच्यापुढेही मला मान वर करता आली नाही.

हादिएलला काही सांगू नकोस. माझं नावही नको.

सुलमारी


लोरेन
१९ मे

नेना,

या वेळी तुझं पत्र वाचलं. पार्किंगवाले बोलले हे वाचून मी चादरींच्या ढिगात हसले. बरोबरच्या बाया म्हणाल्या, वेडी झाली.

आता कामाचं. हादिएलनं मागच्या महिन्यात रविवारच्या फोनवर नेरेइदाला सगळं सांगितलं. अस्वल कसं टेबलाखाली शिरलं, मुलं कशी उठली, सगळं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. नेरेइदानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला फोनवर बोलाव." मी आले. ती म्हणाली, "तुला पोर परत हवी आहे की नको, हे तू दोन वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मी वाट बघत होते. मला वाटलं, तुला नको आहे." मी म्हटलं, "मला वाटलं, मला विचारायचा हक्क नाही." मग आम्ही दोघी रडलो. तिचं रडणं जास्त होतं, आणि ते बरोबरच आहे. ती रोज सकाळी त्या पोरीची वेणी घालते.

एका फोननं काही होत नाही. ती जूनमध्ये आउरेलिसला घेऊन येणार आहे, एका आठवड्यासाठी. पोर माझ्याजवळ बसते का, एवढंच बघायचं आहे. बसली तर पुढचं. नाही बसली तर नेरेइदा तिला परत नेईल आणि मी रविवारी फोन करत राहीन.

मी म्हटलं होतं, सरळ लोरेनला या. हादिएल ऐकेना. त्याचं म्हणणं, आधी अस्वलाकडे जायचं. मी म्हटलं, "का रे? पुन्हा तिथं?" तो म्हणाला, "ते अजून शोधत असेल. त्याला दाखवायला नको का?"

मी हो म्हटलं. तुला यावर काहीतरी सुचेल, पण तू बोलू नकोस.

तेव्हा शनिवार, १३ जून, सर्वांत आधीचा नाश्ता. चौघांचं टेबल. मी, हादिएल, नेरेइदा, आउरेलिस. तिला तीन वर्षं पूर्ण झाली आहेत, तिचे पैसे घे. अस्वलाला काही सांगायचं नाही. तो आला तर आला, ओळखलं नाही तर नाही. हादिएल काय करायचं ते करेल. पोर रडली तर रडेल. मला त्या टेबलावर कुणाची मदत नको आहे, नेना. चांगल्या माणसाचीसुद्धा नको.

आणि हे तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस. झालं ते हादिएलच्या तोंडामुळे.

जमेल का?

मारान्हेली


किसिमी
२८ मे

प्रिय मारान्हेली,

जमलं.

१३ जून, सकाळचा पहिला नाश्ता, चार जण. पूर्ण पैशांची चार माणसं. चिठ्ठीवर तुझं नाव आहे आणि बाकी काही नाही. टेबल कुठलं, हे मी निवडलं नाही. दारावरची मुलगी देईल ते.

एफ्राइनची त्या सकाळी पाळी आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगावंसं फार वाटलं, दोनदा त्याच्या सोंग चढवायच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे, पण तुला खरं कळावं म्हणून लिहिते. माझ्यासारखी माणसं एका पत्रात बदलत नाहीत.

आईनं नेरेइदासाठी पास्तेलेस करून ठेवायचं म्हटलं आहे. केळीच्या पानात गुंडाळलेल्या, डुकराचं मांस घातलेल्या वड्या. मी म्हटलं, त्यांना विचार आधी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, शिकली." ती तुला फोन करेल. नको असतील तर नको म्हण, ती रागावणार नाही. रागावली तरी माझ्यावर रागावेल.

आणि माझं. १३ तारखेला माझी पाळी होती, दालनाच्या दाराशी. मंगळवारी मी सुट्टीचा अर्ज दिला. डोरीनबाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरचं काम आहे. काल तो मंजूर होऊन आला. त्या दिवशी मी आईबरोबर तिच्या हॉटेलात खोल्या आवरायला जाणार आहे, तिची जोडीदारीण रजेवर आहे. कॅरोलला, दारावरच्या मुलीला, सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे की त्या टेबलावर कोण कुणाजवळ बसलं, ते मला सांगायचं नाही.

सुलमारी